शिवणीतून येणारा पाऊस

पुण्याहून ताम्हिणी घाटाच्या वाटेला लागलेल्या दुचाकीस्वाराला पाऊस खऱ्या अर्थानं भेटतो तो पौड मागे पडल्यावर. चांदणी चौकात आभाळ नुसतं भरून आलेलं असतं. भूगावच्या गर्दीत हेल्मेटच्या काचेवर चार थेंब पडतात, ते हातमोज्यानं पुसले जातात. मुळशी धरणाचं पाणी दिसू लागलं की मात्र डोंगरावरून एक करडा पडदा सरकत खाली येतो. मग एखाद्या बंद टपरीच्या पत्र्याखाली गाडी उभी करून, एका पायावर तोल सांभाळत, बुटावरून पँट ओढण्याची ती सगळ्यांच्या ओळखीची कसरत सुरू होते. रेनकोटाची चेन गळ्यापर्यंत जाते. गाडी पुन्हा रस्त्याला लागते. पाऊस खांद्यांवर कोसळत असतो, बाह्यांवरून ओघळत असतो, आणि आत माणूस कोरडा असतो. या कोरडेपणात विलक्षण सुख आहे. एवढं तांडव चालू आहे, आपण त्याच्या ऐन मधोमध आहोत, आणि तरी त्याच्या हाती लागलेलो नाही.

पंधरा मिनिटं जातात. वीस जातात. आणि मग दोन्ही मांड्यांच्या मधोमध, नेमक्या त्या जागी, एक गार ठिपका जाणवतो.

पावसात गाडी चालवणाऱ्या कुणालाही हा ठिपका समजावून सांगावा लागत नाही. तो आधी नाण्याएवढा असतो, मग तळहाताएवढा होतो. माणगाव येईपर्यंत आतली पँट मांड्यांना चिकटलेली असते, मोजे पाण्यानं फुगलेले असतात, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बाही ओली झालेली असते. सगळा पाऊस अडवणारा रेनकोट चार-पाच बोटभर जागांवर हरतो. गंमत म्हणून घाटात फिरायला निघालेल्याला हे चालून जातं. पण २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ८० लाख दुचाक्या विकल्या गेल्या, आणि त्यांवर बसणारी बहुतेक माणसं भटकंतीला निघालेली नसतात. कुणी शाळेत शिकवायला जातं, कुणी दवाखान्यात रात्रपाळीला, कुणी पाठीवर मोठी पेटी बांधून दुसऱ्याचं जेवण पोचवायला. दिवसभर ओल्या कपड्यांत काम करणं हा त्यांच्या पावसाळ्याचा नित्याचा भाग होऊन बसला आहे. तो तसा असू नये, आणि नसणं शक्य आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बाजार पावसाळ्यासाठी सजतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत रेनकोट रांगेनं टांगलेले दिसतात. काहीशे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या जोडापासून काही हजारांच्या जाकिटापर्यंत सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच वचन छापलेलं असतं: शंभर टक्के वॉटरप्रूफ. दुकानदार गिऱ्हाइकासमोर रेनकोटाचा झोळ करतो, त्यात पेलाभर पाणी ओततो आणि खालून हात फिरवून कोरडा तळवा दाखवतो. पाणी झोळात पाऱ्यासारखं डुलत राहतं. तो खोटं काही दाखवत नसतो. पण या प्रयोगानं सिद्ध होतं ते कापड. रेनकोट सिद्ध होत नाही.

कापडाची परीक्षा प्रयोगशाळेतही साधारण अशीच होते. ताणून बसवलेल्या कापडावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात, आणि तीन ठिकाणी थेंब झिरपलेला दिसला की त्या वेळी पाण्याचा स्तंभ किती उंच झाला असता ते मिलिमीटरमध्ये लिहितात. चांगल्या जाकिटांवर ५,००० किंवा १०,००० असे आकडे असतात ते हेच. आता हा आकडा रस्त्यावर आणून पाहावा. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानं पडतो. फुटपाथवर उभ्या माणसाच्या कोटावर तो आपटतो तेव्हा क्षणभराचा दाब ढोबळमानानं ४ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा येतो. तोच माणूस ताशी ६० किलोमीटरनं गाडी चालवत असेल, तर थेंबाचा आणि गाडीचा वेग एकत्र होऊन हा दाब १८ मीटरच्या घरात जातो, आणि ताशी ८० ला २९ मीटरच्या. हा मार निमिषभराचा असतो, परीक्षेतल्यासारखा सतत वाढत जाणारा नसतो, त्यामुळे दोन आकडे थेट शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही. तरीही बसथांब्यावर छान काम देणारा रेनकोट खंबाटकी घाटात का गळतो, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे. चालणाऱ्याचा पाऊस आणि गाडीवरच्याचा पाऊस हे दोन वेगळे पाऊस आहेत. एक वरून पडतो, दुसरा समोरून येतो.

उरलेलं अर्धं उत्तर सुईत आहे.

शिवणयंत्र एका सेंटिमीटरमध्ये तीन-चार टाके घालतं. म्हणजे मीटरभर शिवणीत तीनशे ते चारशे भोकं. खांदा, बगल, बाही, कड, पायांच्या दोन्ही बाजू असं सगळं मोजलं, तर कोट आणि पँट मिळून हजारो भोकांचा हा पोशाख असतो. म्हणून चांगल्या रेनकोटात शिवणीवर आतल्या बाजूनं गरम हवेच्या यंत्रानं एक पट्टी वितळवून बसवलेली असते. रेनकोट उलटा करून पाहिला की ती बोटभर रुंदीची, जराशी चकाकणारी पट्टी दिसते. ती प्रत्येक शिवणीवर आहे की फक्त खांद्यावर, दोन शिवणी जिथं एकमेकींना छेदतात तिथं ती सपाट बसली आहे की सुरकुतली आहे, हे दुकानात दोन मिनिटांत कळतं. पँटच्या मधोमध तर चार शिवणी एका ठिपक्यात येऊन मिळतात. बसलेल्या माणसाच्या मांडीत पाण्याचं तळं साचतं ते तिथंच, सीटवर शरीराचा भार पडतो तोही तिथंच, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ते पाणी दाबलं जातं तेही तिथंच. ताम्हिणीतल्या त्या गार ठिपक्याचा उगम हा असा आहे. काही शिवणारे या जागी चौकोनी तुकडा लावून चार शिवणींची गाठच मोडतात. ज्यानं पँट बेतली तो स्वतः पावसात गाडीवर बसला आहे की नाही, हे त्या एका तुकड्यावरून ओळखावं.

ही अडचण रेनकोटाइतकीच जुनी आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ मध्ये पेटंट घेतलं ते नॅफ्थ्यात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये चिकटवण्याचं. कापड उत्तम होतं. पण शिंप्यांनी ते नेऊन नेहमीसारखे कोट शिवले आणि सुईनं पाडलेल्या भोकांतून पाणी आत आलं. शिवाय ते कोट थंडीत ताठ होत, उन्हात चिकट होत आणि त्यांना वास येई. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, तेव्हा चिकटपणा गेला. भोकांचा प्रश्न मात्र राहिला, आणि दोनशे वर्षांनंतर तो मुळशीच्या रस्त्यावर तसाच आपल्यासमोर उभा आहे.

आपल्याकडे रबरी रेनकोट घरोघरी पोचला त्यात कोलकात्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांचा मोठा वाटा. अमेरिकेत शिकून आलेल्या, स्वदेशीच्या विचारानं भारलेल्या या माणसानं १९२० मध्ये बेंगॉल वॉटरप्रूफ वर्क्स काढली. तिचा ‘डकबॅक’ हा छाप पुढे इतका रुळला की अनेक मराठी घरांत रेनकोटाला, गरम पाण्याच्या पिशवीला सरसकट डकबॅकच म्हटलं जाई. शाळेच्या दारात ओळीनं टांगलेल्या त्या जड, काळपट रेनकोटांचा रबरी वास ज्यांनी घेतला आहे, त्यांच्यासाठी जूनचा वास मातीइतकाच त्या रबराचाही आहे.

पण त्याच्याही कितीतरी आधी या मुलखानं आपल्यापुरतं उत्तर शोधलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर रचलेली पळसाची पानं, असं इरलं डोक्यापाठीवर घेऊन कोकणातली माणसं आवणाला उभी राहत. इरल्याची सगळी बुद्धी त्याच्या बाकात आहे. वाकून काम करणाऱ्या पाठीसाठी ते घडवलेलं असतं, दोन्ही हात मोकळे ठेवतं, आणि अंगाला चिकटत नाही. पाणी पानांवरून निथळून जातं, खालून वारा खेळत राहतो, घाम सुकतो. घाटमाथ्यावर घोंगडीची खोळ हेच काम वेगळ्या रीतीनं करते. दख्खनी मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब धरून ठेवते. धनगरानं पावसाला पूर्ण अडवण्याचा हट्ट धरला नाही. पाऊस आला तरी थंडी आत येऊ द्यायची नाही, एवढं त्यानं पाहिलं.

गाडीवर इरलं चालणार नाही, पहिल्याच झोतात ते उडेल. खोळ भिजून मणाची होईल. तरी इरल्यातली एक गोष्ट आजच्या रेनकोटांत फार थोड्यांनी उचलली आहे: काम करताना शरीर ज्या बाकात असतं, पोशाख त्या बाकात बेतावा. दुकानात माणूस आरशासमोर ताठ उभा राहून रेनकोट घालून पाहतो आणि छान बसला म्हणून घेऊन येतो. गाडीवर बसल्यावर हात पुढे जातात, बाह्या मनगटाच्या वर चढतात, पाठीची कड कमरेवरून सरकते, पँट घोट्याच्या वर जाऊन मोजा उघडा पडतो. म्हणून रेनकोट घ्यायला जाताना गाडी दुकानासमोर लावावी, रेनकोट चढवून गाडीवर बसावं, हँडल धरून दोन्हीकडे वळवून पाहावं. दुकानदार थोडा वैतागेल. चालेल. चार महिन्यांचा प्रश्न आहे.

स्त्रियांची अडचण तर याहून मोठी. बाजारातले बहुतेक चांगले जोड पुरुषांच्या मापांत असतात. बाईसाठी म्हणून जे येतं ते फुलाफुलांचं, लांब घेराचं आणि पातळ कापडाचं. साडीवर किंवा ओढणीवर घालता यावा म्हणून अनेकजणी झग्यासारखा सैल पाँचो वापरतात. त्याची कड वाऱ्यानं मागच्या चाकाकडे ओढली जाते, चाकात किंवा साखळीत अडकली तर क्षणात गाडी पाडते. पाँचो चालताना घालावा. गाडीवर तो अंगात असू नये, हे दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिण्याइतकं महत्त्वाचं आहे.

एकेकाळी गाडीच अर्धा रेनकोट होती, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. कोरादिनो दास्कानियो यानं १९४६ मध्ये इटलीत व्हेस्पा घडवली तेव्हा चालवणाऱ्याचे कपडे स्वच्छ राहावेत म्हणून पुढे पत्र्याची मोठी ढाल दिली आणि इंजिन झाकून टाकलं. त्याच घराण्यातली बजाज चेतक १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीत तयार होऊ लागली. चेतकवर बसलेल्या गृहस्थाचे पाय त्या ढालीमागे फळीवर टेकलेले असत. रस्त्यावरचं गढूळ पाणी पत्र्यावर आपटून दोन्ही बाजूंना फुटे. गुडघ्याखालचा माणूस बऱ्यापैकी कोरडा घरी पोचे. पुढे नव्वदच्या दशकात कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. त्यात बरंच काही मिळालं, पण ती ढाल गेली. मोटारसायकलवर गुडघे उघडे, नडग्या उघड्या, आणि पुढच्या चाकानं उडवलेला चिखल थेट बुटांवर. वरून येणाऱ्या पावसाचा विचार सगळे करतात. खालून येणारा पाऊस हा मोटारसायकलनं आपल्याला दिलेला आहे, आणि तो घाणेरडा, तेलकट असतो.

पायांसाठी म्हणून कोणताही एक उपाय पुरा पडत नाही. गमबूट स्वस्त आणि पक्का, पण त्यात गिअरचा अंदाज येत नाही आणि घोट्याला संरक्षण नाही. बुटावरून चढवायचं प्लॅस्टिकचं कव्हर चालताना फाटतं आणि ओल्या फरशीवर घसरतं. पूर्वी लोक मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून त्यावर बूट घालत. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी घराघरांतल्या जुन्या पिशव्यांचा साठा या एका कामासाठी अजून जपला जातो. घोट्यावर उंच जाणारा, आतून पाणी अडवणारा बूट आणि त्यावरून खाली ओढलेली पँट, ही जोडी त्यातल्या त्यात विश्वासाची. पँट बुटाच्या आत खोचली की बूट म्हणजे पन्हळीखाली ठेवलेली बादली होते.

हाच न्याय मनगटाला. हातमोजा बाहीवरून चढवला तर बाहीवरून ओघळलेलं पाणी सरळ बोटांत उतरतं. तो बाहीच्या आत घालून वर वेल्क्रो घट्ट केला तर पाणी बाहेरच गळून जातं. पाणी न शिरणारा हातमोजा मिळणं मात्र सगळ्यात कठीण, कारण पाच बोटांना पाच वेळा वळसा घालणाऱ्या इतक्या बारीक शिवणी दुसऱ्या कोणत्याच वस्तूत नसतात. दोन जोड जवळ ठेवणं हा साधा मार्ग: एक हातात, एक डिकीत कोरडा. आणि मानेशी तर हेल्मेटच्या मागून धार लागलेली असते, ती कॉलरमध्ये पडते. रेनकोटाची टोपी हेल्मेटखाली घालणं हा त्यावर उपाय वाटतो, पण त्यानं हेल्मेट डोक्यावर जसं बसायला हवं तसं बसत नाही. टोपी काढून ठेवता येत असेल तर काढावी आणि उंच, मऊ कॉलर असलेला कोट पाहावा.

आता घामाकडे वळावं लागतं, कारण महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात माणूस बाहेरच्या पाण्याइतकाच आतल्या पाण्यानं भिजतो. या प्रश्नावरचं जगप्रसिद्ध उत्तर १९६९ मधलं. अमेरिकेतल्या बॉब गोर यानं टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणण्याचे प्रयोग चालवले होते. ती दर वेळी तुटे. शेवटी वैतागून त्यानं तिला जोरदार हिसका दिला, आणि ती न तुटता जवळजवळ दहापट लांब झाली. त्या ताणलेल्या पदार्थात इतकी सूक्ष्म छिद्रं होती की पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नव्हता, पण वाफ जाऊ शकत होती. १९७६ पासून गोर-टेक्स या नावानं तो तंबू-जाकिटांत आला. पाऊस बाहेर, घाम बाहेर. आज देशातल्या कंपन्याही, मुंबईची रायनॉक्स असो की बंगळुरूची वायाटेरा, दुचाकीस्वारांसाठीच म्हणून पावसाळी कपडे बनवतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी परदेशातून आणवून घेण्याशिवाय इलाज नव्हता, त्या मानानं ही मोठीच मजल आहे.

पण श्वास घेणाऱ्या कापडाबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. वाफ त्या छिद्रांतून आपोआप बाहेर पडत नाही. आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी, या फरकाच्या जोरावर ती बाहेर ढकलली जाते. त्वचेलगतच्या ३३ अंशांच्या दमट हवेत बाष्पाचा दाब सुमारे ५ किलोपास्कल असतो. युरोपातल्या १० अंशांच्या पावसात बाहेरचा दाब १ च्या आसपास, म्हणजे ढकलणारा फरक ४. जुलैत पनवेल-पेणच्या रस्त्यावर तापमान २८ आणि हवा पाण्यानं पंच्याण्णव टक्के भरलेली. तिथं बाहेरचा दाब साडेतीनच्या वर असतो. फरक उरतो जेमतेम दीडचा. जे कापड स्कॉटलंडच्या डोंगरात घाम ओढून बाहेर टाकतं, तेच कोकणात एक तृतीयांश जोरानं काम करतं. त्यात वरचं कापड पाण्यानं तुंबलं, थेंब निथळण्याऐवजी पसरू लागले, की उरलेली छिद्रंही झाकली जातात. कापडाचा दोष नाही. आपली हवाच तेवढी भरलेली आहे.

म्हणून इथल्या पावसाला इथलंच उत्तर लागतं. बऱ्याच रायडिंग जाकिटांत पाणी अडवणारं अस्तर आतून लावायचं असतं. पाऊस आला की वरचं जाळीदार जाकीट आणि त्यातली संरक्षक पॅडं भिजून चिंब होतात, जड होतात, आणि वाऱ्यानं ते पाणी सुकताना अंगातली ऊब ओढून घेतात. शिवाय अस्तर लावायला भर रस्त्यात जाकीट उतरवावं लागतं. इतकी वर्षं घाट ओलांडणाऱ्यांच्या अनुभवाचा कौल दुसऱ्या बाजूला आहे: खाली जाळीचं जाकीट, त्यात ईएन १६२१ मानकाची पॅडं, आणि त्यावर सैलसर, शिवणी नीट पट्टीबंद केलेला रेनकोट. यात आणखी एक लाभ दडला आहे. जाळी आणि जाड पॅडं रेनकोटाला अंगापासून बोटभर दूर धरतात. मध्ये हवेचा थर राहतो. ओलं प्लॅस्टिक कातडीला चिकटत नाही. बांबूच्या कामट्यांनी जे काम केलं, तेच इथं जाळी करते. रेनकोट मात्र जाकिटाच्या मापावर घ्यायला हवा, शर्टाच्या नव्हे.

रंगाचा प्रश्न दुकानात सर्वांत शेवटी निघतो, तो सर्वांत आधी निघायला हवा. काळा, गर्द निळा, राखाडी हेच रंग खपतात, कारण त्यांवर चिखल दिसत नाही. पण आंबोलीत, जिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भर दुपारी धुक्यात दहा-वीस पावलांवरचं दिसत नाही, तिथं काळ्या रेनकोटातला माणूस समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसणार कसा? १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा कायम चालू असतो, ते चांगलंच झालं. पण मागून येणाऱ्याला दिसते ती पाठ. पोपटी किंवा भगवा कोट, पाठीवर आणि बाह्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या, एवढ्यानं पाऊस तसूभरही कमी लागत नाही, तरी पावसात घरी पोचण्याची शक्यता वाढते. कोट गळला तर सर्दी होते. कोट दिसला नाही तर काय होतं, ते लिहायला हात धजत नाही.

मुंबईत जोराची सर आली की उड्डाणपुलाखाली दुचाक्यांची झुंबड उडते. एक-दोन मार्गिका माणसांनी भरून जातात, मागून भरधाव येणाऱ्याला ती दिसत नाहीत. या थांबलेल्यांना बेशिस्त म्हणणं सोपं आहे. पण त्यांतल्या कित्येकांजवळ रेनकोट नसतो, किंवा असतो तो गेल्या वर्षीचा, पाठीवर सोललेला. जेवण किंवा औषधं पोचवणाऱ्या मुलांना तर थांबणंही परवडत नाही. त्यांच्या अंगावरचे पातळ जोड पंधरा दिवसांत मांडीला फाटतात आणि चिकटपट्टीवर पुढचे तीन महिने काढतात. पावसात ज्यांच्या फेऱ्या वाढतात त्यांना पक्का रेनकोट कामाचं हत्यार म्हणून मिळायला हवा, जसा वेल्डरला काळ्या काचेचा मुखवटा मिळतो.

आणि रेनकोट गेल्या वर्षीचा का सोलतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. हस्त सरला की बहुतेक घरांत तो घडी घालून पिशवीत कोंबला जातो आणि माळ्यावर जातो. कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर उष्ण, दमट हवेत हळूहळू कुजतो. मे महिन्यात घडी उलगडली की पांढरे पापुद्रे हाताला लागतात. प्लॅस्टिकचा कोट तर घडीच्या रेषेवरच तडकतो. हँगरवर, सावलीत, हवा लागेल असा टांगला तर तोच कोट जास्त पावसाळे काढतो. धुताना कपड्याचा साबण वापरला की वरून पाणी निथळवणारा लेप जातो. साध्या पाण्यानं चिखल काढावा. या लेपांतली फ्लोरिनची रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून जगभर त्यांच्यावर निर्बंध येत आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून अशा कपड्यांची विक्री मोठ्या प्रमाणात बंद झाली, गोर कंपनीनंही २०२२ पासून त्यांच्याशिवायचा नवा पडदा आणला. पुढच्या काही वर्षांत हे नवे कपडे आपल्याकडे येतील. त्यांचे लेप जुन्यांइतके चिवट नसतील तर निगा आणखी मन लावून करावी लागेल.

ताम्हिणीहून परतलेला स्वार रात्री रेनकोट उलटा करून गॅलरीतल्या तारेवर टाकतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो, हातमोजे पंख्याखाली पसरतो. बाहेर पुनर्वसूचा तरणा पाऊस पन्हळीतून धबधबत असतो. पाणी निथळून झालं की तो पँटच्या एका पायात मोबाइलचा दिवा घालतो, गॅलरीतला दिवा मालवतो आणि शिवणीवरून हळूहळू डोळे फिरवत जातो. मांडीजवळची गाठ अंधारी आहे, ती धरली आहे. उजव्या गुडघ्यामागे मात्र, पट्टीचं टोक जिथं संपतं तिथं, टाचणीच्या अग्राएवढा उजेड दिसतो. तो त्याच्याभोवती बॉलपेननं एक छोटा गोल काढतो आणि शिवणीच्या डिंकाची नळी शोधायला आत जातो. सकाळी सहाला पुन्हा निघायचं असतं.